फक्त नऊ हजार किलोमीटर

जुनी गाडी विकायला निघाली की तिचा मालक डॉक्टर होतो. आयुष्यभर त्याने वाळूचे ट्रक फिरवलेले असोत, जाहिरातीत गाडी 'डॉक्टरांची'. डॉक्टर दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे गाडी फारशी बाहेर पडत नाही. पडलीच तर डॉक्टरीणबाई चालवतात आणि त्या तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नाहीत. या कथेवर कुणाचाही विश्वास नसतो. तरी गाडी बघायला निघालेला प्रत्येक जण मनात म्हणतो, की हा एवढा एक डॉक्टर खरा असेल.

स्पोर्ट्स कारला मात्र डॉक्टर पुरत नाही. तिथे मालक शौकीन लागतो, त्याच्या दारात आणखी चार गाड्या लागतात आणि मुलगा अमेरिकेत लागतो. मुलासाठी हौसेनं घेतली, मुलगा तिकडेच रमला, गाडी कव्हरखाली. वय बारा वर्षं, पण चाललीय फक्त नऊ हजार किलोमीटर. हे 'फक्त नऊ हजार' विकणारा ज्या हळुवार आवाजात सांगतो, त्या आवाजात पूर्वी मध्यस्थ मुलीच्या बापाला स्थळाची माहिती देत.

नेमकं हेच माझ्या मामेभावाला कुणीतरी फोनवर सांगितलं. आणि तो राहतो मऊरानीपुरात.

मऊरानीपुर कुठे आहे, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला हवं. झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला लागायचं. आधी बरुआसागर येतं, तिथलं आलं नामांकित. मग निवाडी, पण ते मध्य प्रदेशात. मग पुन्हा उत्तर प्रदेश सुरू होतो आणि झाशीपासून साधारण पासष्ट किलोमीटरवर मऊरानीपुर. एवढ्याशा प्रवासात दोनदा राज्य बदलतं. माणसांत काही फरक पडत नाही, पेट्रोलच्या भावात पडतो, आणि टाकी कुठल्या बाजूला भरायची हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. गावाला सुखनई नदी आहे, पावसाळा सरत आला की जलविहाराची जत्रा भरते, मागावरचं कापड निघतं. एके काळी आल नावाच्या झाडाच्या मुळांनी रंगवलेलं इथलं लाल खारवा कापड दूरदूर जायचं. गावाची भरभराट सुरू झाली ती छत्रपूरचे व्यापारी झाशीच्या रघुनाथ हरी नेवाळकरांच्या आश्रयाला येऊन वसले तेव्हापासून. त्याच्याही आधीचे झाशीचे सुभेदार म्हणजे नारो शंकर. त्यांची घंटा नाशिककर गोदावरीच्या काठी रोज बघतात आणि पुराचं पाणी तिच्यापर्यंत पोचलं का, हे एकमेकांना विचारतात.

या सुभेदारांच्या मागोमाग जी मराठी घरं तिकडे गेली त्यांतलं आमच्या मामांचं एक. एवढ्या पिढ्यांत त्या घरात मराठी टिकली, पुरणपोळी टिकली आणि कुठलीही वस्तू घेण्याआधी पुण्याला फोन करून विचारायची पद्धत टिकली. पुण्यात सल्ला फुकट मिळतो, ही कीर्ती तिथवर पोचलेली आहे.

"दादा," मामेभाऊ म्हणाला, "गाडी घेतोय. दोन दारं, दोन सीट, छत उघडतं. जर्मन. दिल्लीची आहे. बारा वर्षांची, पण रनिंग फक्त नऊ हजार. एकदम कोरी समज."

मामेभावाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पन्नाशी उलटली आहे. मुलं बंगळुरात आणि हैदराबादेत. या वयात पुरुषाला दोनांपैकी एक काहीतरी होतंच. एक तर तो किल्ले चढायला लागतो, नाहीतर छत उघडणारी गाडी बघायला लागतो. बुंदेलखंडात किल्ल्यांना तोटा नाही, पण मामेभावाचे गुडघे वहिनींच्या ताब्यात आहेत.

गाडी दिल्लीचीच का, यालाही कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको असं म्हटलं, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. तेव्हापासून पेट्रोल गाडी बारा-तेरा वर्षांची झाली की दिल्लीकर तिच्याकडे घरात रेंगाळलेल्या पाहुण्याच्या नजरेनं बघू लागतो. एनओसी काढायची, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या ठोकायच्या आणि गाडी उत्तर प्रदेशातल्या छोट्या गावाकडे रवाना करायची. तिथे तिला 'यूपी ९३' अशी झाशीची पाटी लागली की ती पुन्हा तरुण होते. दिल्लीत ज्या किमतीला पार्किंगची जागा मिळत नाही, त्या किमतीला मऊरानीपुरात गाडी मिळते.

मामेभावाने गाडीचा फोटो दुकानात दाखवला तेव्हा गावाने एकच प्रश्न विचारला, "कितना देती है?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. खरं उत्तर आठ-नऊ असं होतं. मामेभावाने पंधरा सांगितलं. तरी गिऱ्हाइकांपैकी एक वयस्कर कक्का हळहळले. त्यांची मोटारसायकल साठ देते आणि तिच्यावर घरातले चौघं बसतात.

मी मात्र त्याला दुसराच हिशेब घातला. नऊ हजार भागिले बारा, वर्षाला साडेसातशे. दिवसाला दोन किलोमीटर.

"बघ ना!" तो म्हणाला, "नुसती उभी होती."

"उभं राहून गाडीचं काय काय होतं, माहीत आहे?"

"काय होणार? विश्रांती होते."

आपल्याकडे विश्रांतीबद्दल एकूणच गैरसमज फार. वापरली नाही म्हणजे झिजली नाही, हा हिशेब पितळेच्या भांड्यांना आणि आजीच्या पैठणीला लागू पडतो. (पैठणीलाही पडत नाही. घडीवर चिरते म्हणून ती मधूनमधून उलगडून उलट्या घडीनं ठेवावी लागते. पण हे बायकांना माहीत असतं, आणि गाड्या बहुधा पुरुष घेतात.) मोटारीत धातू असतो त्याहून जास्त लफडं रबराचं, प्लॅस्टिकचं आणि पातळ पदार्थांचं असतं, आणि या तिन्ही मंडळींना किलोमीटर मोजता येत नाहीत. त्यांना वर्षं मोजता येतात.

टायरचं घ्या. नऊ हजार चाललेल्या टायरची नक्षी शाबूत असते, त्यामुळे बघणारा खुश. पण टायरच्या बगलेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे '२३१३' दिसलं तर तो टायर २०१३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. एवढ्या काळात रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात, आणि एकाच जागी वर्षानुवर्षं उभं राहून खालून चपटंही होतं. अशा टायरवर ताशी दीडशेनं जायचं आणि अन्ना गाय आडवी आल्यावर थांबायची अपेक्षा धरायची. अन्ना म्हणजे बुंदेलखंडात दूध आटल्यावर मोकाट सोडून दिलेली जनावरं. चौपदरी रस्त्यावर ती दुभाजकाला टेकून रवंथ करत बसतात आणि हॉर्न वाजला तर मान वळवून हॉर्नकडे बघतात.

ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते दर दोनेक वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. एसी महिनोनमहिने लावला नाही तर कंप्रेसरच्या सीलला तेल पोचत नाही, ते सुकतं आणि गॅस गळतो. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची ओढ उपजतच. बॅटरी काही महिन्यांत मान टाकते. ज्या गाडीत इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबरी आहे तिथे तो ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, जे आधी येईल त्यावर बदलावा लागतो. नऊ हजारवाला मालक म्हणतो, "अजून किलोमीटर कुठे झालेत?" आणि बेल्ट एके दिवशी तुटतो. मग इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना प्रथमच प्रत्यक्ष भेटतात. छत उघडणाऱ्या गाडीत तर छताच्या कडेचं रबरही आलं. ते वाळलं की छत बंद असतानाही पाऊस आत येतो.

आणि उंदीर. बंद गाडीसारखी शांत, ऊबदार, भाडं नसलेली जागा उंदराला शहरात दुसरी मिळत नाही. कव्हर घातलं की खाजगीपणाचीही सोय होते. वायरींवरचं मऊ वेष्टण त्यांना आवडतं, आणि एक वायर कुरतडली की डॅशबोर्डवर निरनिराळ्या रंगांचे सात दिवे लागतात. विकणारा सांगतो, "सेन्सर का छोटा सा इशू है."

हे सगळं सोसूनही ती रोज खरंच दोन किलोमीटर चालली असती तर आणखी वाईट. थंड इंजिन सुरू झालं की थोडं कच्चं पेट्रोल आणि वाफेचं पाणी तेलात उतरतं. इंजिन चांगलं पंधरा-वीस मिनिटं तापलं तरच ते उडून जातं. दोन किलोमीटरवर गाडी बंद केली की सगळं आतच राहतं आणि तेलाचा चिखल व्हायला लागतो.

मामेभावाने हे सारं गावातल्या त्याच्या नेहमीच्या मिस्त्रीला सांगितलं. त्याला वाटलं मिस्त्री पुणेरी शहाणपणाला हसेल. मिस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, "जौन गाड़ी चलत नइयाँ भैया, बा ठाड़ी-ठाड़ी खात है." जी गाडी चालत नाही ती उभ्या उभ्या खाते. मिस्त्रींच्या गॅरेजात दोन ट्रॅक्टर आणि एक जुनी जीप गेली कित्येक वर्षं नियमानं येतात, कारण नियमानं चालतात. मी तासभर फोनवर जे सांगितलं ते त्यांनी एका ओळीत सांगितलं, आणि मामेभावाला त्यांचंच पटलं.

नऊ हजार हा आकडा खरा आहे असं आपण आतापर्यंत धरून चाललोय. तोही भोळेपणाच. मीटर मागे घेणं हा पूर्वी स्क्रू-ड्रायव्हरचा उद्योग होता, आता लॅपटॉपचा आहे, बाकी फरक नाही. पण चोरानं मीटर मागे घेतलं तरी ब्रेकच्या पेडलचं रबर मागे घेता येत नाही. नऊ हजारात ते गुळगुळीत होत नसतं. स्टिअरिंगच्या चामड्याला चकाकी येत नसते, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसत नसते. शिवाय सरकारने नकळत आपल्यावर एक उपकार करून ठेवलाय. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे गाडी कुठल्या टोलनाक्यावरून कधी गेली याची नोंद उरते, आणि चलन तर नंबर टाकला की दिसतं. वर्षाला साडेसातशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीवर यमुना एक्स्प्रेसवेवर अतिवेगाची एकामागून एक चलनं निघालेली असतील, तर एकूण चाललेले सगळे किलोमीटर त्याच रस्त्यावर झाले असं तरी मानायला हवं. विकणाऱ्याला फास्टॅगचं स्टेटमेंट मागून बघा. ज्याचा आकडा खरा असतो तो लगेच पाठवतो. बाकीच्यांचा मोबाइल त्याच संध्याकाळी बिघडतो.

झाशीच्या माणसाला खरं तर हे कुणी शिकवायला नको होतं. राणी लक्ष्मीबाईंची घोड्यांची पारख दांडगी होती आणि त्याबद्दलची एक गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. एक सौदागर दोन देखणे घोडे घेऊन आला. दोन्ही सारखेच उमदे, अंगावर एक ओरखडा नाही. राणीसाहेबांनी फोटो मागवले नाहीत. दोन्ही घोड्यांवर स्वतः बसून रपेट मारली आणि किंमत सांगितली. एकाचे हजार रुपये, दुसऱ्याचे पन्नास. का, तर दुसऱ्याच्या छातीला आतून मार बसला आहे. सौदागराने निमूटपणे कबूल केलं. वापरलेलं वेगवान वाहन विकत घेताना टेस्ट ड्राइव्ह किती महत्त्वाची, याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्याही मोटारींच्या मासिकात सापडलेलं नाही. या राणीवर १९४६ साली हिंदीत गाजलेली कादंबरी लिहिणारे वृंदावनलाल वर्मा १८८९ साली जन्मले तेही मऊरानीपुरातच.

त्याच राणीच्या अखेरच्या लढाईबद्दल सांगतात ते विनोदाचं नाही, पण मुद्द्याचं आहे. जून १८५८. ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय. तिथे राणीच्या मांडीखाली नेहमीचा घोडा नव्हता, नवा होता, आणि ऐन वेळी तो नाल्यापाशी अडला. याच राणीने काही आठवड्यांपूर्वी झाशी ते काल्पी ही शंभरेक मैलांची दौड जवळजवळ एका दमात मारली होती, ती सरावाच्या घोड्यावर. पागेत उभं राहून तुकतुकीत झालेला घोडा आणि रोज रपेटीला गेलेला घोडा दिसायला सारखेच असतात. नाला येईपर्यंत.

मामेभाऊ यावर थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने ठेवणीतला मुद्दा काढला. "मग सचिनची फेरारी?"

मराठी माणसाशी स्पोर्ट्स कारवर बोलणं सुरू केलं की पाच मिनिटांत तेंडुलकरांची फेरारी येतेच. कसोटीत २९ शतकं करून त्यांनी ब्रॅडमनची बरोबरी केली म्हणून २००२ साली फियाटने फेरारी ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते किल्ली मिळाली. मग आयातशुल्काच्या माफीवरून वाद गाजला, आणि ज्यांना फेरारीची किंमतही माहीत नव्हती त्यांना तिच्यावरचा कर तोंडपाठ झाला. मुंबईत प्रत्येकाच्या ओळखीत असा एक जण असतो, ज्याने ती पहाटे रिकाम्या रस्त्यावरून जाताना पाहिली. २०११ साली ती सुरतच्या एका उद्योजकाने विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी 'फेरारी की सवारी' नावाचा चित्रपट आला.

तर ही आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध सेकंडहँड स्पोर्ट्स कार. मामेभावाला मी एवढंच म्हटलं, की ती घेणाऱ्याने मीटर बघितलं असेल असं मला वाटत नाही. ज्या सीटवर तेंडुलकर बसला त्या सीटचं रनिंग कोण विचारतं? तुझ्या दिल्लीच्या गाडीच्या सीटवर कुणी बसलंच नाही, हीच तिची मोठी बातमी आहे. नियम तुला लागू होतो.

दुसऱ्या एका नातेवाइकाने मधेच सॅन स्टॉर्म सुचवली. ही आपल्याकडची देशी दोन-आसनी, फायबरग्लासची, ११४९ सीसीचं रेनॉचं इंजिन. दिसायला झकास, आणि अंग गंजत नाही. पण फार थोड्या निघाल्या, आणि सुट्या भागांच्या शोधात माणूस गाडीहून जास्त किलोमीटर करतो. ती सूचना तिथेच राहिली.

आता खरी गंमत. मुंबईच्या शौकिनाची अडचण अशी, की गाडी आहे पण रस्ता नाही. रविवारी पहाटे उठायचं आणि सी-लिंकवर जायचं, तर तो सगळा ५.६ किलोमीटर. तेल नीट तापायच्या आत पलीकडे. मऊरानीपुरच्या खतवाल्याला मात्र दर आठवड्याला मालाच्या हिशेबासाठी झाशीला जावंच लागतं. जाऊन-येऊन एकशेतीस किलोमीटर. रस्ता आता चौपदरी. इंजिन व्यवस्थित तापतं, ब्रेक घासून स्वच्छ होतात, बॅटरी भरते, एसीचं सील ओलं राहतं आणि उंदराला बिऱ्हाड मांडायला सवड मिळत नाही. वर्षाला पावणेसात हजार किलोमीटर. स्पोर्ट्स कारच्या प्रकृतीला याहून चांगलं वेळापत्रक कुठला डॉक्टर लिहून देणार? मलबार हिलपेक्षा मऊरानीपुर स्पोर्ट्स कारला जास्त मानवेल, हे माझं प्रामाणिक मत आहे. मात्र जून महिन्यात पंचेचाळीस अंशांत छत उघडू नये. आणि गावातल्या गतिरोधकांवर गाडी तिरकी घालावी लागेल, कारण अशा गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम सव्वाशे मिलिमीटरवर असतं आणि मऊरानीपुरचा गतिरोधक कुठल्याही मापाला बांधील नाही.

राहिला घरचा प्रश्न. मामींनी एकच विचारलं, "दोनच माणसं बसणार? मग मी?"

एकत्र कुटुंबात दोन सीटची गाडी हा वाहनाचा प्रकार नाही, तो वाटणीचा प्रकार आहे. दवाखान्याला, लग्नाला, ओरछ्याच्या रामराजाच्या दर्शनाला, कुठेही निघालं तरी दोघं बसतात आणि बाकीचे दारात उभे राहून हात हलवतात. त्या हात हलवण्यात बरंच काही असतं. मला आता दाट संशय आहे, की दिल्लीतली ती गाडी नऊ हजारांवर अडली ती मुलगा अमेरिकेत गेल्यामुळे नाही. शेजारी बायकोला बसवलं तर आई रुसते, आईला बसवलं तर बायको. तेव्हा कव्हर घालून टाकलेलं बरं, असं त्या शौकीन गृहस्थांनी एके दिवशी ठरवलं असणार. कमी चाललेल्या स्पोर्ट्स कारमागे यांत्रिक कारणं शोधू नयेत. मामेभावाकडे ही अडचण नव्हती, कारण वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की त्यांना केस विस्कटणाऱ्या गाडीत बसायचं नाही. शेजारची सीट मामींना मिळाली. वय पंच्याहत्तर. त्यांना वारा आवडतो.

दरम्यान त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची दुसरी गाडी सापडली. गुरुग्रामची. रनिंग ब्याऐंशी हजार, किंमत पहिलीपेक्षा बरीच कमी. मामेभाऊ आधी ऐकूनच घाबरला. गावात ब्याऐंशी हजार म्हणजे गाडी 'घिसी हुई'. मी म्हटलं, मालकाशी बोल. मालक गाडी रोज ऑफिसला नेणारा निघाला. त्याने फाइल पाठवली. दर वर्षाची सर्व्हिस, तारखेसह किलोमीटर, तेल कधी, ब्रेकचं तेल कधी, टायर दोन वर्षांपूर्वीचे, क्लच एकदा बदललेला, त्याचंही बिल. डाव्या दाराला पार्किंगमध्ये कुणीतरी घासलं, त्याचं विम्याचं कागदपत्र. त्याने गाडीची स्तुती अजिबात केली नाही. दुसऱ्या गिअरला थंडीत सकाळी थोडं कुरकुरतं, पाच मिनिटांत थांबतं, एवढं स्वतःहून सांगितलं. जुन्या गाडीच्या बाजारात इतकं बोलणारा माणूस भेटला की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

ब्याऐंशी हजार म्हणजे सगळं गोड असंही नाही. हाच आकडा फाइलशिवाय आला असता तर मी त्याला पाठ फिरव म्हटलं असतं. इंजिनाची ताकद वाढवायला कुणी संगणकात ढवळाढवळ केलेली, शर्यतीच्या ट्रॅकवर पिळलेली, किंवा पुढून ठोकून सरळ केलेली गाडी कमी-जास्त किलोमीटरच्या पलीकडची असते. पण नियमानं चाललेली आणि कागद राखलेली गाडी असेल तर एक गोष्ट पक्की. जे मोडायचं ते बहुतेक त्याच्याकडे मोडून झालंय आणि त्याने पैसे भरलेत. नऊ हजारवालीत ते सगळं मोडायचं बाकी आहे, आणि पैसे भरायची पाळी मामेभावाची.

शेवटी त्यालाही पटलं. रात्रीच्या गाडीनं झाशीहून दिल्लीला गेला, बरोबर मिस्त्रींनाही घेऊन. मिस्त्री वाटेत एकच गोष्ट बोलले, की गाडी आधी थंड इंजिनावर सुरू करून ऐकायची, विकणाऱ्याने तापवून ठेवली असेल तर चहा पिऊन परत यायचं. गुरुग्रामला पोचले तर मालक दिलगीर. आदल्या संध्याकाळी एक जण आला, फाइल चाळली, चक्कर मारली आणि तिथल्या तिथे पैसे देऊन गाडी घेऊन गेला. नियमित वापरलेली, खरं बोलणाऱ्याची गाडी बाजारात दोन दिवस टिकत नाही. नऊ हजारवाली अजून आहे. तिचा एजंट दर पंधरवड्याला फोन करतो, दर वेळी किंमत थोडी खाली आणतो आणि दर वेळी किलोमीटर तेच सांगतो.

तेव्हा वाचकांना विनंती. आपल्या ओळखीत कुणाकडे पेट्रोलवर चालणारी, दोन-आसनी, छत उघडणारी गाडी असेल, मालक ती खरोखर चालवत असेल, सर्व्हिसची फाइल जाड असेल आणि रनिंग सत्तर हजारांच्या वर असेल, तर कळवावं. एनओसी झाशीची लागेल. दहा हजारांच्या आत चाललेल्यांनी कृपया फोन करू नये. मालक डॉक्टर असल्यास हरकत नाही, पण दवाखाना घरापासून निदान वीस किलोमीटरवर असावा.